मतदारसंघाची एक वही प्रत्येक चाळीत हवी

ही विनंती लालबाग, परळ, काळाचौकी, भायखळा, माझगावला राहणाऱ्यांना आहे. इथली खोली सोडून विरार, बदलापूर, डोंबिवलीला गेलेल्यांनाही आहे. चाळीच्या गणेशोत्सवाच्या जमाखर्चाची वही आपण पिढ्यान्‌पिढ्या जपतो. कोणत्या खोलीने किती वर्गणी दिली, मंडपाला किती खर्च आला, हे तिच्यात सापडतं. पण आपण विधानसभेत कोणाला पाठवलं आणि त्यांनी तिथे उभं राहून काय मागितलं, याची नोंद बहुतेक चाळींत नसते. ती ठेवायला लागा. ती का हवी हे पटावं म्हणून आपल्याच भागाचा थोडा इतिहास सांगतो.

1935 च्या कायद्याने प्रांतांना निवडून आलेली विधानसभा आणि तिला जबाबदार मंत्रिमंडळ मिळालं. मुंबई प्रांताच्या विधानसभेत 175 जागा होत्या. गुजरातचे आणि कानडी मुलखाचे जिल्हे तेव्हा या प्रांतातच होते. शहरी मतदारसंघांपैकी एकाचं नाव होतं मुंबई शहर, भायखळा आणि परळ. पुणे करारानुसार त्यात अस्पृश्य वर्गासाठी राखीव जागा होती. मत मात्र सगळ्यांना नव्हतं. मालमत्ता, घरभाडं, कर, शिक्षण अशा अटी होत्या आणि साऱ्या ब्रिटिश हिंदुस्थानात मतदार सुमारे 3 कोटीच होते. गिरणीत दहा तास उभं राहून साचा चालवणाऱ्या कित्येकांची नावं यादीत नव्हती. त्यांच्या बायकांची तर त्याहून कमी.

फेब्रुवारी 1937 मध्ये त्या राखीव जागेसाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकर उभे राहिले. त्यांनी ऑगस्ट 1936 मध्ये स्वतंत्र मजूर पक्ष काढला होता आणि प्रांतभर 17 उमेदवार उभे केले होते. या मतदारसंघाला ते नवखे नव्हते. परळच्या बीआयटी चाळीत त्यांनी आयुष्याची वीसेक वर्षं काढली होती. परदेशी शिक्षणाआधीही ते तिथे राहिले आणि नंतरही राहिले. दामोदर हॉलजवळ त्यांचं कार्यालय होतं. माणसं अर्ज लिहून घ्यायला, भांडणं सोडवून घ्यायला, नुसतं बोलायलाही तिथे येत. चाळीच्या जिन्यावरून चढणाऱ्या-उतरणाऱ्यांची दुखणी त्यांना माहीत होती.

समोर काँग्रेसचे उमेदवार होते बाळू पालवणकर. आज हे नाव फार थोड्यांना ठाऊक आहे, म्हणून थोडं थांबतो. बाळू चर्मकार समाजातले, डावखुरे फिरकी गोलंदाज. पुण्यात गोऱ्यांच्या क्लबच्या मैदानावर काम करता करता ते गोलंदाजी शिकले. 1911 साली हिंदुस्थानचा संघ इंग्लंडला गेला तेव्हा त्या दौऱ्यात त्यांनी 114 बळी घेतले. हिंदू संघाकडून ते वर्षानुवर्षं खेळले, पण जातीमुळे कर्णधारपद त्यांना दिलं गेलं नाही. पुढे त्यांचे भाऊ विठ्ठल यांना ते मिळालं. असे दोन मोठे पुरुष एका जागेसाठी लढले. आंबेडकरांना 13,245 मतं पडली, बाळूंना 11,225. अंतर 2,020 मतांचं. या लढतीची आठवण परळच्या प्रत्येक शाळेत असायला हवी होती. दोघांपैकी कोणालाही कमी न लेखता ती सांगता येते.

आता निवडून आलेल्या माणसाने काय केलं ते पाहा, कारण वहीत लिहायची गोष्ट तीच आहे. 17 सप्टेंबर 1937 रोजी आंबेडकरांनी विधानसभेत खोती पद्धत, म्हणजे खोताच्या हाती सारावसुली ठेवणारी पद्धत, रद्द करण्याचं विधेयक मांडलं. शहराचा प्रतिनिधी आणि विधेयक कोकणातल्या जमिनीचं, हे वरवर विचित्र वाटेल. पण परळचा गिरणी कामगार आला कुठून? रत्नागिरीतून, कुलाबा जिल्ह्यातून. खोताच्या जाचाने, पोटापुरतं पिकत नाही म्हणून, कर्ज फिटत नाही म्हणून तो मुंबईच्या बोटीत बसला होता. पगारातून तो गावाला मनिऑर्डर करायचा आणि ती खोताकडे जायची. आपल्या मतदाराचं दुखणं मतदारसंघाच्या हद्दीबाहेर सुरू होतं, हे त्या प्रतिनिधीला कळलं होतं. 10 जानेवारी 1938 रोजी हजारो शेतकरी मुंबईत आले आणि विधानसभा जिथे भरे त्या कौन्सिल हॉलवर मोर्चा गेला. रीगल सिनेमाजवळची ती इमारत आज राज्याच्या पोलीस महासंचालकांचं मुख्यालय आहे. त्यांचं विधेयक तेव्हा मंजूर झालं नाही. खोती रद्द करण्याचा कायदा मुंबई सरकारने स्वातंत्र्यानंतर, 1949 मध्ये केला.

दुसरं काम 1938 च्या औद्योगिक विवाद विधेयकाचं. बाळासाहेब खेर यांच्या काँग्रेस सरकारने ते आणलं. सलोख्याची ठरलेली प्रक्रिया पुरी होण्याआधी केलेला संप बेकायदा ठरणार होता आणि त्याला शिक्षा होणार होती. आंबेडकरांनी सभागृहात जो युक्तिवाद केला तो आजही वाचण्यासारखा आहे. काम थांबवणं फार तर कराराचा भंग आहे, तो दिवाणी मामला झाला. त्याला गुन्हा ठरवून तुरुंग दाखवायचा म्हणजे माणसाला त्याच्या मनाविरुद्ध राबायला लावायचं, असं त्यांचं म्हणणं होतं. 7 नोव्हेंबर 1938 रोजी मुंबईत एक दिवसाचा संप झाला. स्वतंत्र मजूर पक्ष आणि कम्युनिस्ट त्यात एकत्र उतरले. एरवी त्यांचं पटत नसे, पण कामगारांचं हित दोघांना एकत्र आणू शकलं. विधेयक तरीही मंजूर झालं.

म्हणजे दोन्ही वेळा सभागृहात हार झाली. असा आमदार यशस्वी म्हणायचा की अयशस्वी? माझ्या मते हिशोब मंजुरीच्या आकड्यावर करायचा नसतो. त्यांचा अभ्यास, युक्तिवाद, आकडेवारी कामकाजात छापली गेली आणि पुढच्यांच्या उपयोगी पडली. महाराष्ट्र शासनाने प्रसिद्ध केलेल्या आंबेडकरांच्या लेखन आणि भाषणांच्या मालिकेचा दुसरा खंड काढा. मुंबई विधिमंडळातली त्यांची भाषणं त्यात आहेत. वॉर्डाच्या ग्रंथालयात तो नसेल तर मागवून घ्यायला सांगा. आपल्या भागाचा प्रतिनिधी सभागृहात कसा बोलला, हे वाचलेला माणूस पुढच्या उमेदवाराला वेगळे प्रश्न विचारतो.

त्याच आंबेडकरांचा 1952 च्या लोकसभेला मुंबईतूनच नारायण काजरोळकरांनी पराभव केला. मोठं नाव आहे म्हणून मतदार कुणाला बांधला जात नाही. तो त्याचा हक्क आहे. पण आपण कोणाला आणि का नाकारलं, हेही वहीत असावं. पुढच्या पिढीला कारण कळलं नाही तर ती फक्त दंतकथा ऐकते.

1957 पर्यंत संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्याने गिरणगाव पेटला होता. त्या वर्षीच्या निवडणुकीत मध्य मुंबईतून श्रीपाद अमृत डांगे लोकसभेत गेले, दादरमधून आचार्य अत्रे विधानसभेत. त्या काळाबद्दल पुष्कळ लिहिलं गेलं आहे, म्हणून पुढे जातो.

1967 साली परळमधून कृष्णा देसाई निवडून आले. भारतीय कम्युनिस्ट पक्षाचे, त्याआधी महापालिकेत नगरसेवक, चाळीत वावरणारा माणूस. 5 जून 1970 च्या रात्री लालबागमध्ये त्यांचा खून झाला. निवडून आलेल्या आमदाराला त्याच्याच मतदारांच्या वस्तीत मारलं गेलं. मुंबईच्या राजकारणाने तिथे जे वळण घेतलं त्याची किंमत गिरणी कामगारांनी फार वर्षं मोजली, असं मी मानतो. ऑक्टोबरमध्ये पोटनिवडणूक झाली. एका बाजूला कृष्णा देसाईंच्या पत्नी सरोजिनी, दुसऱ्या बाजूला शिवसेनेचे वामनराव महाडिक. महाडिक 1,679 मतांनी निवडून आले आणि शिवसेनेचे पहिले आमदार ठरले. 1,679 मतं म्हणजे किती? बीडीडी चाळीच्या एका इमारतीत 80 खोल्या असतात. खोलीमागे तीन मतं धरली तर सात इमारती. सात इमारतींनी शहराच्या पुढच्या पन्नास वर्षांच्या राजकारणाला दिशा दिली. आपल्या एका मताने काय होतं, असं कोणी म्हणालं तर त्याला हा हिशोब करून दाखवा.

महाडिक पुढे 1978 मध्ये मुंबईचे महापौर झाले आणि 1989 मध्ये दक्षिण मध्य मुंबईतून लोकसभेत गेले. त्या लोकसभा जागेवर 1984 मध्ये डॉ. दत्ता सामंत अपक्ष म्हणून निवडून आले होते. इंदिराजींच्या हत्येनंतर देशभर काँग्रेसची लाट होती, तरीही गिरणगावाने आपल्या कामगार पुढाऱ्याला दिल्लीला पाठवलं. आधी कम्युनिस्ट, मग शिवसेना, मग अपक्ष कामगार नेता, मग पुन्हा शिवसेना. या माणसांना ठाम विचार नव्हता, असं बाहेरचे म्हणतात. मला तसं वाटत नाही. आपल्या नोकरीचं, आपल्या खोलीचं रक्षण कोण करील, हा एकच प्रश्न ते प्रत्येक वेळी विचारत होते आणि ज्याने त्या वेळी उत्तर दिलं त्याला मत देत होते. अडचण अशी झाली की निवडून दिल्यावर उत्तराची पडताळणी कोणी केली नाही.

परळने आणखी एक आमदार गमावला. 1990 मध्ये निवडून आलेले शिवसेनेचे विठ्ठल चव्हाण यांची 1992 मध्ये गोळ्या घालून हत्या झाली. एकाच मतदारसंघाने दोन आमदार असे गमावावेत, ही साधी गोष्ट नाही. या दोन्ही खुनांच्या वेळी जे तरुण होते ते आज साठी-सत्तरीत, ऐंशीतही आहेत. त्यांना विचारा आणि लिहून घ्या. ते काय म्हणतात त्यावर वाद होईल, दोन शेजारी दोन वेगळ्या गोष्टी सांगतील. दोन्ही लिहा, कोणी सांगितलं तेही लिहा. नीरा आडारकर आणि मीना मेनन यांनी ‘कथा मुंबईच्या गिरणगावाची’ या पुस्तकात अशाच बोलक्या साक्षी गोळा केल्या. त्या तऱ्हेने पण आपल्या चाळीपुरतं काम कोणालाही करता येतं. त्यासाठी मोबाईलचा रेकॉर्डर पुरतो.

आता ज्या गोष्टीबद्दल मला सर्वांत जास्त कळकळ आहे ती. 18 जानेवारी 1982 रोजी गिरण्यांचा संप सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले. संपाची कहाणी घराघरात माहीत आहे. फीसाठी मोडलेले दागिने, गावी परतलेली कुटुंबं, हातगाडीवर भाजी विकायला लागलेले साचेवाले. पण त्यानंतर गिरण्यांच्या जमिनीचं काय झालं, हे त्याच घरांत फार थोड्यांना नीट सांगता येतं. 1991 च्या विकास नियंत्रण नियमावलीत 58 क्रमांकाचा नियम आला. गिरणीची जमीन विकायची तर ढोबळमानाने एक तृतीयांश महापालिकेला मोकळ्या जागांसाठी, एक तृतीयांश म्हाडाला घरांसाठी, उरलेली मालकाला, असा त्याचा आशय होता. 2001 मध्ये नियम बदलला. वाटणी सगळ्या जमिनीची न राहता फक्त बांधकाम नसलेल्या मोकळ्या जमिनीची झाली. गिरणीची बहुतेक जमीन शेडखाली असते, त्यामुळे मैदानांसाठी आणि घरांसाठी मिळायची जमीन कितीतरी आटली. प्रकरण कोर्टात गेलं आणि मार्च 2006 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मालकांच्या बाजूने निकाल दिला. आज तिथे टॉवर आहेत, मॉल आहेत, आणि म्हाडाच्या घराची वाट बघणारे गिरणी कामगारांचे वारसही आहेत.

परळच्या आयुष्यातला हा सर्वांत मोठा निर्णय निवडणुकीच्या सभेत झाला नाही. तो एका नियमाच्या दुरुस्तीत झाला. अशा दुरुस्तीपूर्वी सूचना राजपत्रात आणि वर्तमानपत्रात छापावी लागते, लोकांच्या हरकती आणि सूचनांसाठी साधारण एक महिन्याची मुदत असते. त्या मुदतीत चाळीतून किती हरकती गेल्या? त्या वर्षांत आपल्या भागाच्या आमदारांनी सभागृहात या नियमावर किती वेळा तोंड उघडलं? या प्रश्नांची उत्तरं आपल्याजवळ तयार नाहीत आणि असायला हवी होती. पुढचा नियम बदलेल तेव्हा ती तयार असू देत. बीडीडी चाळींचा, बीआयटी चाळींचा, उपकरप्राप्त इमारतींचा पुनर्विकास हा सगळा असल्याच नियमांवर चालतो. खोली किती चौरस फुटांची, संक्रमण शिबिर कुठे, भाडं किती वर्षं, हे सगळं तिथे ठरतं.

म्हणून आमदाराकडे काय मागायचं, याचा विचार करा. महापालिकेची मुदत मार्च 2022 मध्ये संपली आणि पुढे वर्षानुवर्षं नगरसेवकच नव्हते. तेव्हा गटार, पाणी, कचरा, सगळ्यासाठी लोक आमदाराच्या कार्यालयात जाऊ लागले. नाइलाज होता, समजू शकतो. पण ती सवय पक्की होऊ देऊ नका. गटार साफ करून घेणाऱ्या आमदाराला आपण चांगला म्हणतो, आणि त्याने पुनर्विकासाच्या विधेयकावर एक शब्द उच्चारला की नाही हे विचारत नाही. आमदाराचं पहिलं काम कायदा करणं, सरकारला जाब विचारणं, अर्थसंकल्पावर बोलणं. वर्षात तीन अधिवेशनं भरतात, अर्थसंकल्पी आणि पावसाळी मुंबईत, हिवाळी नागपुरात. त्यात तारांकित प्रश्न असतात, लक्षवेधी असते, अर्धा तास चर्चा असते, आमदाराला स्वतःचं अशासकीय विधेयकही मांडता येतं. आंबेडकरांनी खोतीचं विधेयक मांडलं तेव्हा तेही सरकारात नव्हते. विरोधी पक्षात आहे म्हणून काही करता येत नाही, असं सांगणाऱ्याला हे उदाहरण द्या.

कामकाजाची माहिती विधानमंडळाच्या संकेतस्थळावर येते. अधिवेशन संपलं की चाळीतल्या एखाद्या कॉलेजातल्या मुलाने किंवा मुलीने बसून आपल्या आमदारांच्या नावाने काय आहे ते काढावं आणि वहीत उतरवावं: तारीख, विषय, मंत्र्यांचं उत्तर. आमदार स्थानिक विकास निधीतून कोणती कामं झाली, कुठे झाली, किती रुपयांची, याची यादी जिल्हा नियोजन कार्यालयात असते. न मिळाल्यास माहिती अधिकाराचा अर्ज करा. शुल्क 10 रुपये आणि उत्तर 30 दिवसांत द्यावं लागतं. मग ती यादी घेऊन गल्लीत फिरा. फलक आहे आणि काम नाही, असं दिसलं तर तसं लिहा. काम झालेलं असेल आणि चांगलं झालं असेल तर तेही मोकळ्या मनाने लिहा. आपली वही कोणत्याही पक्षाची नाही.

उमेदवाराचं प्रतिज्ञापत्र वाचणं फारच कमी लोक करतात. सर्वोच्च न्यायालयाच्या 2002 च्या निकालानंतर ते सक्तीचं झालं. नमुना 26 मध्ये गुन्हे, मालमत्ता, कर्ज, शिक्षण सगळं द्यावं लागतं आणि ते निवडणूक आयोगाच्या संकेतस्थळावर कोणालाही पाहता येतं. एकच उमेदवार पाच वर्षांनी पुन्हा उभा राहिला तर दोन्ही प्रतिज्ञापत्रं शेजारी ठेवा. मालमत्ता वाढण्यात गैर काही नाही, पण कशी वाढली हे विचारण्याचा हक्क मतदाराला आहे. सभेत हात वर करून, नाव सांगून, सभ्य भाषेत विचारा.

ज्यांना वाटतं की सगळं आधीच ठरलेलं असतं, त्यांनी भायखळ्याकडे पाहावं. 2008 च्या पुनर्रचनेनंतरच्या भायखळा मतदारसंघात 2009 मध्ये काँग्रेसचे मधु चव्हाण निवडून आले. 2014 मध्ये एमआयएमचे वारिस पठाण, तेही 1,357 मतांनी. 2019 मध्ये शिवसेनेच्या यामिनी जाधव. 2024 मध्ये शिवसेना उद्धव बाळासाहेब ठाकरे पक्षाचे मनोज जामसुतकर. चार निवडणुका, चार आमदार, चार पक्ष. जिथे मतदार असा बदल करतो तिथे प्रत्येक गल्लीला उमेदवाराला पुन्हा येऊन भेटावं लागतं. ही ताकद मतदाराची आहे, पण निम्मी माणसं मतदानाला गेलीच नाहीत तर ती उरत नाही. 2024 च्या विधानसभेला मुंबई शहर जिल्ह्यात निम्म्याहून थोड्याच जास्त मतदारांनी मत दिलं. उरलेल्यांत आजारी होते, गावी गेलेले होते, यादीत नाव न सापडलेले होते. यादीचं काम आपल्या हातात आहे. नव्या मतदारासाठी नमुना 6, चुकीच्या किंवा मृत नावावर हरकत घ्यायला नमुना 7, पत्ता बदलला किंवा दुरुस्ती करायची असली तर नमुना 8. आता वर्षात चार तारखांना, 1 जानेवारी, 1 एप्रिल, 1 जुलै आणि 1 ऑक्टोबरला, अठरा पूर्ण होणाऱ्याला नाव नोंदवता येतं. दर वर्षी गणेशोत्सवाआधीच्या बैठकीत पंधरा मिनिटं काढून आपल्या यादी भागातली नावं मोठ्याने वाचा. कोण गेलं, कोण आलं, कोणाचं लग्न होऊन नाव बदललं, हे यादीचं काम पाहणाऱ्या बीएलओपेक्षा चाळीला जास्त माहीत असतं.

विरारला, बदलापूरला गेलेल्यांनो, तुम्ही तिथे नाव नोंदवलं असेल तर तुमची वही तिथे सुरू करा. नवी वस्ती आहे, अजून कोणी काही लिहिलेलं नसेल. जुन्या खोलीच्या पत्त्यावर नाव तसंच ठेवून दोन्हीकडे मतदार राहणं कायद्याला धरून नाही. ते काढून घ्या.

उरली गोष्ट सीमांची, आणि तीच येत्या काळात सर्वांत महत्त्वाची ठरणार आहे. परळ नावाचा विधानसभा मतदारसंघ 2008 च्या पुनर्रचनेत संपला. माझगावही संपला. पुनर्रचना 2001 च्या जनगणनेवर झाली. बेटावरची माणसं उपनगरांकडे गेल्यामुळे शहर जिल्ह्याच्या जागा 17 वरून 10 झाल्या, उपनगर जिल्ह्याच्या 17 वरून 26. आज गिरणगाव शिवडी, भायखळा, वरळी अशा मतदारसंघांत वाटला गेला आहे. 1995 मध्ये माझगावमधून छगन भुजबळांचा पराभव करून आलेले बाळा नांदगावकर 2009 मध्ये मनसेकडून शिवडीतून निवडून आले. शिवडीतून 2014, 2019 आणि 2024 मध्ये अजय चौधरी निवडून आले. नेते नव्या सीमांशी पटकन जुळवून घेतात. चाळीला मात्र आपला आमदार आता कोण, त्याचं कार्यालय कुठे, इथपासून सुरुवात करावी लागते. जुन्या मतदारसंघात दिलेली आश्वासनं नव्यात कोणाच्या खाती जमा होतात, हे कोणी सांगत नाही.

संविधानातल्या तरतुदीप्रमाणे मतदारसंघांची पुढची फेररचना 2026 नंतरच्या पहिल्या जनगणनेच्या आकड्यांवर व्हायची आहे. मागच्या खेपेला परिसीमन आयोगाने मसुदा प्रसिद्ध केला, हरकती मागवल्या, जाहीर सुनावण्या घेतल्या. काही आमदार, खासदार आयोगाचे सहयोगी सदस्य होते, त्यामुळे पक्षांचं म्हणणं तिथे पोचलं. चाळींचं म्हणणं पोचवायचं काम चाळींनीच करायला हवं. जनगणनेला येणाऱ्या माणसाला घरातली खरी संख्या सांगा, गावी गेलेल्याचं नाव दोनदा येऊ देऊ नका आणि इथे राहणाऱ्याचं गाळू नका. मसुदा आला की नकाशा मोठ्या कागदावर काढून चाळीत लावा. कोणता रस्ता सीमा केला आहे ते पाहा. एकाच पुनर्विकासाच्या प्रकल्पातल्या इमारती दोन मतदारसंघांत पडत असतील, एकाच शाळेत आणि एकाच रेशन दुकानात जाणारी माणसं दोन आमदारांत वाटली जात असतील, तर तसं इमारतींच्या नावांसकट लिहून मुदतीत द्या. अमुक पक्षाचं नुकसान होईल, हे कारण हरकतीत घालू नका; त्याला तिथे वजन नसतं. सुनावणीला प्रत्येक चाळीतून एक जाणता माणूस आणि पहिल्यांदा मत देणारी एक मुलगी किंवा मुलगा, असे दोघे जा. एकाने बोलावं, दुसऱ्याने आयोगाने काय विचारलं आणि काय उत्तर दिलं ते तारखेसह लिहून घ्यावं.